दिव्याकडे दुर्लक्ष करावे

अंधेरीला मरोळच्या बाजूला एका काचेच्या इमारतीत आमची कंपनी होती. कंपनी ब्लेड सर्व्हर विकायची. ब्लेड सर्व्हर म्हणजे काय ते आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. एक लोखंडी कपाट असतं, आपल्या फ्रिजच्या अर्ध्या उंचीचं. त्यात पुस्तकं उभी लावावीत तसे पातळ पातळ कॉम्प्युटर सरकवून बसवलेले असतात. त्यांना ना पडदा, ना कीबोर्ड. नुसतं तोंड दिसतं आणि तोंडावर एक दिवा. दिवा हिरवा असला की तब्येत ठीक, नारिंगी झाला की काहीतरी बिनसलंय. वीज सगळ्यांना मिळून एक, पंखे सामाईक, आणि सगळ्यांवर देखरेख ठेवणारं एक छोटं यंत्र. थोडक्यात आमच्या मुलुंडच्या सोसायटीसारखी व्यवस्था. टाकी एक, लिफ्ट एक, सेक्रेटरी एक, आणि एकाकडे गळायला लागलं की सगळ्यांकडे ओल.

या सर्व्हरबरोबर जाणारं एक पुस्तक मी लिहायची. 'ज्ञात अडचणी आणि त्यांवरील उपाय'. पुस्तक अर्थातच इंग्रजीत असायचं, इथे मी मराठीत सांगतेय. ज्ञात अडचण म्हणजे जी आम्हाला ठाऊक आहे, गिऱ्हाइकाला अजून लागलेली नाही, आणि जी आम्ही इतक्यात दुरुस्त करणार नाही ती. उपाय म्हणजे तोपर्यंत गिऱ्हाइकानं काय करत बसावं ते. त्याला ऑफिसात सगळे 'वर्कअराउंड' म्हणायचे, आणि हा शब्द इतक्या आदरानं उच्चारला जायचा की नवीन माणसाला वाटावं, हे कंपनीचं मुख्य उत्पादन आहे.

दोष मला सांगायचा तो शेजारच्या टेबलावरचा फर्मवेअरवाला. फर्मवेअर म्हणजे सर्व्हरच्या पोटातच कायम मुक्कामाला असलेला प्रोग्रॅम. तोच दिवे लावतो, पंखे फिरवतो. आमचा फर्मवेअरवाला माझ्याच वयाचा, घाटकोपरचा, हुशार आणि सदा भुकेला. बोलायला एकदम सरळ.

"अगं, मरतात ते. लाइट जाऊन परत आली ना, की सगळे एकदम उठतात. सप्लायची वाट लागते. मग सगळे परत झोपतात."

मी लिहायची, 'वीजपुरवठा पूर्ववत झाल्यानंतर काही विशिष्ट परिस्थितीत सर्व्हर सुरू होण्यास विलंब लागू शकतो. उपाय: सर्व सर्व्हर थोडे बाहेर ओढून ठेवावेत व एकेक करून आत ढकलावेत.'

हे 'लागू शकतो' मला शिकवलं आमच्या मॅनेजरनं. बोरिवलीची, अत्यंत नीटनेटकी बाई. माझ्या पहिल्याच पुस्तकात मी 'दोष' असा शब्द वापरला होता. तिनं मला केबिनमध्ये बोलावलं, दार लावून घेतलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "अगं, असं नसतं लिहायचं. आपल्याकडे दोष नसतो. वर्तन असतं."

"आणि सर्व्हर बंद पडला तर?"

"तो प्रतिसाद देत नाही. आणि 'देत नाही' असंही नाही लिहायचं, 'न देण्याची शक्यता असते' असं लिहायचं. कसं आहे, शक्यता कशाचीही असते. त्यामुळे आपलं वाक्य कधी खोटं पडत नाही."

ती हे थट्टेनं म्हणत नव्हती. तिचा त्यावर विश्वास होता, आणि दोनेक वर्षांत माझाही बसला. घरी आमटी खारट झाली तरी मी 'काही जणांना मीठ जाणवू शकतं' असं म्हणायला लागले होते.

तर एकदा फर्मवेअरवाला डबा खाता खाता म्हणाला, "एक नवीन लिही. दिव्याचं."

"काय झालं दिव्याला?"

"देखरेखीचं यंत्र एकदा रीस्टार्ट झालं ना, की त्यानंतर काही सर्व्हरचे दिवे उगाच नारिंगी होतात. आत सगळं ठीक असतं. दिवा खोटं बोलतो."

"मग उपाय?"

"दुर्लक्ष करायचं. खोटाच आहे ना तो."

"आणि खरंच काही बिघडलं तर?"

"तेव्हाही नारिंगीच होणार."

"मग खरा कुठला आणि खोटा कुठला, हे कळायचं कसं?"

त्यानं चपातीचा तुकडा हवेत धरला आणि विचार केला. "लॉग बघायचा. आतल्या आत नोंद होते ना सगळी. तिथे खरं काय ते कळतं."

मी तसं लिहिलं. दिव्याकडे दुर्लक्ष करावे, आणि रोज लॉग तपासावा. मॅनेजरनं दुसरं वाक्य खोडलं. "रोज तपासावा म्हटलं की गिऱ्हाईक घाबरतं," ती म्हणाली. "पहिलं वाक्य पुरे. किती छान, शांत वाटतं बघ."

दिव्याकडे दुर्लक्ष करावे. खरंच शांत वाटायचं. पुस्तक गेलं, मी पुढच्या पुस्तकाला लागले.

बरेच महिने गेले असतील. एका सकाळी मॅनेजर माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. "तुला आरे कॉलनीत जायचंय."

मला आधी वाटलं, पिकनिक आहे.

आरेमध्ये आमचं एक गिऱ्हाईक होतं. तबेल्यांमधल्या म्हशींच्या नोंदी ठेवणारी एक संस्था. कुठली म्हैस किती दूध देते, कधी व्याली, कधी लस टोचली, आई कोण, आजी कोण. या कामाला साधा एक कॉम्प्युटर पुरला असता. पण कुठल्याशा योजनेत मोठी खरेदी मंजूर झाली होती आणि आमच्या विक्रीवाल्यानं त्यांना अख्खं कपाट विकलं होतं. आरेतल्या एकेका म्हशीच्या वाट्याला आमच्या फोनपेक्षा जास्त मेमरी आली होती. आता तिथे सगळं हळू चालतंय अशी तक्रार होती.

"पण मी कशाला? मी लिहिते फक्त. इंजिनिअर पाठव ना."

"साइटवर जाणारी माणसं कमी केली ना मागे. आणि त्यांचं म्हणणं आहे की ते आपलं पुस्तक अक्षरशः पाळतायत. मग पुस्तक सगळ्यात जास्त कोणाला माहितीये?" तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू फक्त बघून ये. अडलंच तर हा आहे फोनवर."

फर्मवेअरवाल्यानं अंगठा दाखवला.

मी मरोळ नाक्यावरून बस पकडली. आरेत शिरल्या शिरल्या बसमधली हवा बदलते, ते मला आवडतं. झाडं दोन्ही बाजूंनी खिडकीशी येतात, मग शेणाचा आणि ओल्या पेंढ्याचा वास येतो आणि कळतं की उतरायचं ठिकाण जवळ आलं. संस्थेचं ऑफिस बैठं होतं, कौलारू, दारात एक म्हैस बसलेली. ती सरकली नाही. मी वळसा घालून आत गेले.

आत मला दोन माणसं भेटली. एक जनावरांच्या डॉक्टर. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेल्या, गमबूट घातलेल्या बाई. नोंदी सगळ्या त्यांच्या होत्या. दुसरे सर्व्हरची खोली सांभाळणारे काका. मूळचे इलेक्ट्रिशियन, मालवणचे. संस्थेत वायरिंग करायला आले आणि कपाट आल्यावर 'आयटी इनचार्ज' झाले. त्यांनी माझ्याकडे पाहून नमस्कार केला, तो देवळात करतात तसा.

"पुस्तक तुमीच लिवलं?"

"हो."

"पाठ आहे मला," ते म्हणाले. "या, दाखवतो."

खोलीचं दार उघडलं आणि मी उंबऱ्यातच थांबले. मी आजवर जे जे लिहिलं होतं ते सगळं त्या खोलीत उभं होतं.

मी कधीतरी लिहिलं होतं की कपाटाचं दार बंद असल्यास तापमान चुकीचे दाखवले जाऊ शकते, सबब दार उघडे ठेवावे. काकांनी दार बिजागऱ्यांसकट काढून दोन स्टुलांवर आडवं टाकलं होतं आणि त्यावर चहाचे कप होते. एक सर्व्हर नीट बसत नसल्यास त्याला खालून आधार द्यावा, असं एक वाक्य होतं. तिथे लाकडी पाचर ठोकली होती, वर रंधा मारून गुळगुळीत केलेली. दोन सर्व्हर इंचभर बाहेर होते. "दुपारी लाइट जाते कधी कधी," काकांनी खुलासा केला. "मग सगळे ओढून ठेवतो आणि एकेकाला उठवतो. शाळेच्या पोरांसारखं. एक उठला, तोंड धुतलं, मग दुसरा."

आणि मग मला दिवे दिसले. म्हणजे दिसले नाहीत. प्रत्येक सर्व्हरच्या तोंडावर, जिथे दिवा असतो बरोबर त्या जागी, एक लालचुटुक गोल टिकली लावलेली होती. कपाट हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसारखं ओळीनं नटून बसलं होतं.

"काका, हे काय?"

"दिव्याकडे दुर्लक्ष करावे," काका म्हणाले. पुस्तकातलं इंग्रजी वाक्य त्यांनी आधी जसंच्या तसं म्हटलं आणि मग मराठीत.

डॉक्टरांनी खुलासा केला. दिवे एकेक करत नारिंगी होत गेले होते. संस्थेचे मोठे साहेब पाहणीला येणार होते. त्यांनी एवढे नारिंगी दिवे पाहिले असते तर चौकशी लागली असती. मग काकांनी घरून टिकल्यांचं पाकीट आणलं. साहेब आले, म्हणाले, "वा, सजावट छान." साहेब गेले, टिकल्या राहिल्या.

"बरं पण दिसतं," काका म्हणाले.

मी फर्मवेअरवाल्याला फोन लावला. टिकल्यांचं ऐकून तो इतका वेळ हसला की डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाला, "काढ सगळ्या. आणि बघ कोण नारिंगी आहे."

काकांनी नखानं अलगद एकेक टिकली काढली आणि मनगटावर चिकटवून ठेवली, परत लावायला. खाली सगळे दिवे नारिंगी होते. एकूण एक.

"सगळेच आहेत रे."

"मग लॉग उघड. खरा आजारी कोण ते तिथे कळेल."

लॉग ज्या पानावर दिसतो ते पान काकांनी एका म्हाताऱ्या लॅपटॉपवर उघडलं. पान उघडलं आणि मला दिसलं की तिथली तारीख जवळजवळ दोन वर्षांपूर्वीची आहे.

"हे चुकलंय का?"

"नाही नाही. पुस्तकात आहे."

होतं खरं. त्या पानाचं सुरक्षेचं प्रमाणपत्र मुदत संपून गेलेलं. आजची तारीख असली की पान उघडायचंच नाही. म्हणून मी लिहिलं होतं, देखरेख यंत्राची तारीख तात्पुरती मागे न्यावी. तात्पुरतं म्हणजे कधीपर्यंत, हे लिहिलं नव्हतं. देखरेख यंत्राची तारीख मागे गेली की कपाटातले सगळे सर्व्हर तिच्यावर आपलं घड्याळ लावतात, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं.

"अच्छा," डॉक्टर पहिल्यांदाच जोरात बोलल्या. "म्हणजे तरीच! माझ्याकडे पारड्या आईच्या आधी जन्माला यायला लागल्यात. मी तुमच्या हेल्पलाइनला कळवलं होतं. त्यांनी काय उत्तर पाठवलं माहितीये? 'हे अपेक्षित वर्तन आहे.'"

मी मान खाली घालून लॉग वाचायला लागले. इंग्रजी ओळींचं जंगल होतं. फर्मवेअरवाला अंधेरीला आपल्या टेबलाशी बसून मला ओळी वाचायला लावत होता. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते असं. शेवटी एक ओळ सापडली. चौथ्या खणातल्या सर्व्हरची एक डिस्क कधीच मेली होती.

प्रत्येक सर्व्हरमध्ये दोन डिस्क असतात, जुळ्या. दोघींत तेच लिहिलेलं. एक गेली तरी दुसरी संसार ओढते आणि तेवढ्यात आपण पहिली बदलायची असते. पहिली गेली तेव्हा दिवा नारिंगी झाला होता आणि तो अगदी खरं बोलत होता. फक्त तोवर आजूबाजूचे सगळेच नारिंगी होते. लांडगा आला रे आला म्हणून ओरडणाऱ्या दहा पोरांमध्ये खरा लांडगा बघितलेलं पोरही उभं होतं, आणि त्याच्याही तोंडावर टिकली.

"दुसरी डिस्क पण धापा टाकतेय," फर्मवेअरवाला म्हणाला. आता तो हसत नव्हता. "म्हणून सगळं स्लो. ऐक, तो चौथा बंद कर आणि बाहेर काढ. आत्ता. डिस्क वाचवू आपण."

काकांनी डावीकडून चौथा सर्व्हर मोजला. मीही मोजला. डॉक्टरांनीही मोजला. तिघांचंही चौथा यावर एकमत झालं. काकांनी खटका दाबला, दोन्ही हातांनी सर्व्हर बाहेर ओढला आणि छातीशी धरला.

बाहेरच्या खोलीतून कोणीतरी ओरडलं, "ओ, दुधाचा हिशोब गेला!"

"गेलं काहीतरी," मी फोनवर म्हटलं.

"कसं जाईल? चौथ्यावर तर लसीच्या आणि वेतांच्या नोंदी आहेत. दूध तिसऱ्यावर—" तो थांबला. "अगं, डावीकडून चौथा काढलास का तू? लॉग शून्यापासून मोजतो गं! शून्य, एक, दोन, तीन, चार. म्हणजे डोळ्यांना दिसणारा पाचवा. म्हणजे दूध चौथ्यावर होतं... थांब, माझाच गोंधळ झाला. हे पुस्तकात आहे बघ. तूच लिहिलंयस."

लिहिलं होतं. 'लॉगमधील खण क्रमांक व कपाटावरील खण क्रमांक यांत फरक असू शकतो.' असू शकतो. सुंदर वाक्य.

काकांनी दुधाचा सर्व्हर परत सरकवला. तो उठायला लागला, आणि उठताना अंगात आल्यासारखी सगळी वीज त्यानं आपल्याकडे ओढली. शेजारचा पाचवा एकदा गचकला. पंखे मोठ्यानं घोंघावले. मग शांत झाले. म्हाताऱ्या लॅपटॉपवर एक नवीन ओळ उमटली. ती वाचायला फर्मवेअरवाल्याची गरज पडली नाही. दुसरी डिस्क गेली होती.

"बॅकअप आहे ना?" मी विचारलं.

"रोज होतो," काका छाती काढून म्हणाले.

रोज होत होता. पण बॅकअप फक्त नव्या नोंदी उचलायचा, आणि घड्याळ मागे नेल्यापासून त्याच्या लेखी एकही नोंद नवी नव्हती. रोज संध्याकाळी तो इमानदारीत यायचा, बघायचा, काही नवीन नाही म्हणायचा आणि रिकाम्या हातानं परत जायचा. तेव्हापासूनच्या सगळ्या लसी, सगळी वेतं, डॉक्टरांनी जमवलेली आई-आजीची वंशावळ, सगळं त्या एका डिस्कवर होतं.

काकांना हे कळलं तेव्हा ते दाराच्या टेबलाशी मटकन बसले. आणि त्यांच्या तोंडून अस्सल गावची भाषा आली. "पण तुमीच लिवलास मा, लक्ष देव नको म्हणान? मी माझ्या मनान कायच केलंय नाय."

ते खरं होतं. त्या खोलीतली एकही गोष्ट त्यांनी आपल्या मनानं केली नव्हती.

डॉक्टरांनी गमबूट काढले, पाय वर घेतले आणि खुर्चीत मांडी घालून खिडकीबाहेर बघत बसल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर मला हलकं वाटलं असतं. मग म्हणाल्या, "चला, निदान म्हशी तरी जागेवर आहेत."

त्यानंतरचा आठवडा मी आरेतच होते. मॅनेजरनं त्याला 'ग्राहक संवाद' असं नाव दिलं आणि मला परवानगी मिळाली. डॉक्टर, काका आणि मी तबेल्या-तबेल्यातून फिरलो. कानातला बिल्ला वाचायचा, म्हशीचं वय विचारायचं, कधी व्याली ते विचारायचं, लिहून घ्यायचं. मला भाबडेपणानं वाटलं होतं की ही माणसं सगळं तोंडपाठ सांगतील. तसं काही झालं नाही. एकाच म्हशीबद्दल मालक म्हणायचा दिवाळीच्या आधी व्याली, दूध काढणारा म्हणायचा होळीनंतर, आणि मालकाचा भाऊ म्हणायचा ही ती म्हैसच नाही. दोघा भावांची त्यावरून बाचाबाची झाली. काका मध्ये पडले. म्हशीनं माझ्या ओढणीचं टोक चघळलं. डॉक्टर शेवटी दात बघून वयाचा अंदाज लिहायच्या आणि पुढे 'अंदाजे' असा शब्द लिहायच्या. मी त्यांना एकदा म्हटलं, "आमच्याकडे याला 'असू शकते' म्हणतात."

त्या हसल्या नाहीत. "मी अंदाजे लिहिते कारण मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीत असतं."

पुढची म्हैस येईपर्यंत मी बिल्ल्यांच्या यादीतच डोकं घालून उभी राहिले.

अंधेरीला परतले तेव्हा या प्रकरणावर मीटिंग होती. मीटिंगमध्ये बिस्किटं होती, म्हणजे विषय गंभीर होता. वरचे साहेब परदेशातून स्क्रीनवर आले होते. मी घडलं ते सगळं सांगितलं. टिकल्यांचा फोटो दाखवला. सगळे पुढे वाकून बघायला लागले आणि मला वाटलं, चला, पोचलं.

"या चिकट वस्तूला आपली मान्यता आहे का?" स्क्रीनवरच्या साहेबांनी विचारलं.

"टिकलीला?"

"आपण मान्यता न दिलेली चिकट वस्तू दिव्यावर लावणं म्हणजे चुकीचा वापर झाला."

सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यांना बरं वाटलेलं दिसत होतं. पुढचा सबंध तास टिकलीला इंग्रजीत काय म्हणायचं यावर गेला. कोणी म्हणालं सजावटीचं स्टिकर, कोणी म्हणालं सौंदर्यप्रसाधन. मी म्हटलं, त्यापेक्षा सरळ लिहू या की हा दिवा खोटं बोलतो, आम्ही दुरुस्त करेपर्यंत त्याच्यावर विसंबू नका आणि रोज लॉग बघा. मॅनेजर माझ्याकडे वळून मायेनं म्हणाली, "दमलीयेस तू. प्रवास झाला ना खूप."

पुस्तकात नवीन अडचण दाखल झाली: 'दिव्यांवर सौंदर्यविषयक चिकट पदार्थ लावल्यास स्थितीचे आकलन होण्यात बाधा येऊ शकते. उपाय: लावू नयेत.'

दिवा मात्र दुरुस्त करायचं ठरलं. फर्मवेअरवाल्याला तीन आठवडे दिले. खरं कारण शोधायला त्याला तीन महिने हवे होते. तो दोन दिवस गप्प गप्प जेवला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "झालं."

"काय केलंस?"

"आता दिवा नारिंगी व्हायला दोन्ही डिस्क जाव्या लागतात. एक गेली तर हिरवाच राहतो."

"अरे, पण दोन्ही गेल्यावर दिव्याचा काय उपयोग? तेव्हा तर सगळ्यांना आपोआपच कळतं."

"म्हणूनच तर. खोटं बोलायचा प्रश्नच नाही." त्यानं माझ्याकडे न बघता डबा बंद केला. त्यालाही ते आवडलं नव्हतं, एवढं मला कळलं. "तीन आठवड्यांत हेच होतं, यार."

'अडचणीचे निवारण झाले' असं मी लिहिलं. मॅनेजरनं केक मागवला. मी माझ्या वाट्याचा तुकडा टेबलावर तसाच ठेवला आणि जिन्यात जाऊन काकांना फोन केला. कंपनीतल्या माणसानं गिऱ्हाइकाला असं परस्पर सांगणं नियमात बसत नव्हतं. "काका, नवीन फर्मवेअर येईल. टाकू नका."

"टाकलं की सकाळीच!" काकांचा आवाज खुलला होता. "आता बघा, सगळा हिरवागार आसा!"

मी त्यांना समजावलं. हिरव्यावरही जायचं नाही म्हटलं. रोज सकाळी लॉगचं पान उघडायचं आणि शेवटच्या ओळी वाचायच्या. काका म्हणाले, इंग्रजी वाक्य पाठ असतं तेवढंच मला येतं, नवीन आलं की अडतं. मग असं ठरलं की त्यांनी मला फोन करून अक्षरं वाचून दाखवायची. घड्याळाचं आणि त्या पानाच्या प्रमाणपत्राचं मात्र डॉक्टरांनी स्वतः बसून ठीक करून घेतलं आणि आपल्या नोंदींची एक प्रत त्या रोज संध्याकाळी पेनड्राइव्हवर घरी न्यायला लागल्या. आमच्या पुस्तकात हे नव्हतं.

काकांचा फोन नेमका मी डबे भरत असताना यायचा. एका हातात झारा, मुलगा पलंगाखाली बूट शोधतोय, आणि फोनमधून काका "एन, ओ, आर, एम..." एकदोनदा माझ्या सासऱ्यांनी तो उचलला. सासरे एका सरकारी खात्यातून स्टेनो म्हणून निवृत्त झालेले. श्रुतलेखन हा त्यांच्या आयुष्यातला सर्वोच्च आनंद. त्यांनी मला बजावलं, "यापुढे हा फोन मी घेत जाईन. तू घाईत चुका करशील." मग रोज सकाळी ते खिडकीशी वही घेऊन बसायला लागले. दोघं आधी मुलुंडच्या आणि आरेच्या हवेबद्दल बोलत, मग अक्षरं सुरू होत. लिहून झालं की सासरे परत वाचून दाखवत. काका 'बरोबर' म्हणत.

पावसाळा संपता संपता एका सकाळी सासरे स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. "रोज नॉर्मल असतं. आज वेगळं आहे. डी, ई, जी, आर, ए, डी, ई, डी. खण दोन. म्हणजे डोळ्यांनी तिसरा ना गं?"

मी गॅस बंद केला. एक डिस्क गेली होती, दिवा हिरवाच होता. फर्मवेअरवाला त्या दिवशी रजा टाकून स्वतः आरेला गेला. कुणाला न सांगता, नवी डिस्क पिशवीत घेऊन. त्यानं काकांबरोबर दोनदा मोजलं आणि बरोबर सर्व्हर काढला. एकही नोंद गेली नाही. डॉक्टरांनी त्याला खरवस दिला आणि तो त्यानं बसमध्येच संपवला. त्यांनी आमच्या कंपनीला एका ओळीची मेल पाठवली: नोंदी वाचल्या, आभार.

कंपनीच्या पुढच्या अंतर्गत पत्रिकेत पहिल्याच पानावर बातमी होती. आमच्या नवीन फर्मवेअरमुळे दुग्धव्यवसायातील एका मान्यवर ग्राहकाचं संभाव्य नुकसान टळलं. सोबत हिरव्या दिव्यांचा फोटो होता.

मी ती घरी आणली. सासऱ्यांनी चष्मा लावून सावकाश, तोंडानं पुटपुटत वाचली आणि घडी घालून माझ्याकडे परत दिली.

"यात व्याकरणाची चूक नाही एकही," ते म्हणाले. "तू लिहिलीस का?"

"हो," मी म्हटलं.

"वाटलंच," ते म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.